आमचे हे उगवले

हिच्या मावशीने एकदा माझ्या नावाने गळा काढला होता, आणि मी तेव्हा घरात दात घासत होतो. झालं असं, पहाटे खाडीवर मला लांब शेपटीचं शेंडेनक्षत्र दिसलं. कुणाच्या तोंडी त्याची वार्ता नव्हती. घरी येऊन मी हिला म्हटलं, "जो आधी पाहतो त्याचंच नाव देतात. आजपासून ह्याचं नाव गोविंद!"

आता ही नवऱ्याचं नाव कसं घेणार? विहिरीवर जमलेल्या बायकांना ही रोज दाखवायची, "ते बघा, आमचे हे उगवले."

एकदा बाळकुमहून हिची मावशी राहायला आलेली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या पहाटे आभाळ भरलेलं. विहिरीवर शेजारणीने विचारलं, "आज दिसत नाहीत ते?" तशी ही सुस्कारा टाकून म्हणाली, "काय सांगू बाई, आमचे हे गेले वाटतं."

मावशीने तिथेच हंबरडा फोडला. मी राखुंडीचं बोट तोंडात घेऊन धावत बाहेर आलो, तर मला बघून ती आणखीच किंचाळली.

पुढे मुंबईहून कळलं, तो तारा माझ्याआधीच कुणा साहेबाला दिसला होता, नावही त्याचंच लागलं. माझं तोंड उतरलं. ही मात्र खूश.

म्हणाली, "बरं झालं. आता गेला तर साहेब जाईल."