बातमी अजून रक्तापर्यंत पोचली नसेल

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, रुग्णालयातले माझे सहकारी, पहिल्या रांगेत बसलेले कुटुंबीय, आणि आज निवृत्त होत असूनही सकाळी लॅबमध्ये एक चक्कर मारून आलेल्या आमच्या लॅबच्या बाई,

मी लहान मुलांचा सर्जन. लहान मुलाला 'कुठं दुखतं?' विचारलं की ते बेंबीवर बोट ठेवतं. कान दुखत असला तरी बेंबीवरच. मोठ्यांच्या पोटात एक आणि ओठात एक असतं, मुलांच्या पोटातलं ओठावर येतच नाही. मग अपेंडिक्स सुजलंय की नुसतं पोट बिघडलंय, हे ठरवायचं कसं? अशा वेळी मी फोन उचलायचो. "बाई, रक्त काय म्हणतंय?" पलीकडून पांढऱ्या पेशी किती ते कळायचं, सीआरपी म्हणजे सूज किती ते कळायचं, आणि वर एक टोला मिळायचा. "रक्त साक्ष देतं, डॉक्टर. निकाल तुम्हीच द्यायचा."

माझ्या आधीचे वक्ते म्हणाले, बाईंचा रिपोर्ट डोळे मिटून मानावा. एकदा एका व्यक्तीने तो मानायला नकार दिला होता. ती व्यक्ती म्हणजे स्वतः बाई.

एका सकाळी त्यांची नात पोट धरून आली, सोबत सूनबाई. बाईंनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. सोनोग्राफीत अपेंडिक्स नीट दिसेना. सूनबाईंचा जीव भांड्यात पडला. "आईंचा रिपोर्ट आहे, म्हणजे प्रश्नच मिटला. आम्ही घरी जातो." सुनेने सासूचा शब्द इतक्या चटकन मानल्याची ती पहिलीच वेळ असावी. सूनबाई हसताहेत, म्हणजे पुढे बोलायला हरकत नाही.

तर सासूबाई म्हणाल्या, "माझा रिपोर्ट बाजूला ठेव. हिचं दुखणं पहाटेचं आहे. बातमी अजून रक्तापर्यंत पोचली नसेल." आणि माझ्याकडे वळून, "डॉक्टर, तुम्ही पोरीकडे बघा."

मी नातीला म्हटलं, एका पायावर उडी मार बघू. एरवी लंगडीत कुणाला न ऐकणारी ती पोर एका उडीत उजवं पोट दाबून खाली बसली. तिला ठेवून घेतलं, दुपारी पुन्हा रक्त काढलं. ते मात्र बाईंनी तपासलं नाही. सहकारी मुलीला म्हणाल्या, "तू बघ. आजीच्या डोळ्यांना हवं तेच दिसतं." आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. आकडे सांगताना ज्यांचा आवाज कधी हलला नाही, त्यांना मी तिथं रुमालाने डोळे पुसताना पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

या वेळी आकडे चढले होते. लगेच ऑपरेशन केलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. सकाळी घरी नेलं असतं तर? तो प्रश्न मी मनातही पुरा करत नाही.

रक्ताच्या नात्याचे गोडवे आपण ऐकतोच. बाईंनी त्या दिवशी रक्तापेक्षा नातीवर विश्वास ठेवला, आणि नात आज पहिल्या रांगेत बसून माझ्या भाषणाला जांभया देते आहे.

तेव्हा आवरतो. संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात सासू-सुनेच्या मध्ये पडलो असेन, काही कमी-जास्त झालं असेल, तर बाईंच्याच रीतीने घ्या. माझं भाषण बाजूला ठेवा, आणि त्यांच्याकडे बघा.