सत्तावीस नंबरची पांढरी बाजू

उलटा धरलाय? मी? — मिस्त्री, तुम्ही फ्रेमा करा, फोटो बघायचं काम आमच्यावर सोडा. हा सत्तावीस नंबर, स्पर्धेत पहिला आलाय. तीन वाजता बाहेरची सगळी मुलं आत येणार आणि याला पहिलं बक्षीस का दिलं ते मी सांगणार — म्हणून तुमच्यासमोर जरा म्हणून बघत होतो. ही जी पांढरी जागा आहे ना, हा जो काहीच न दाखवण्याचा धीर आहे — काय? मागची बाजू? नुसता पुठ्ठा? — थांबा. थांबा जरा. दार लोटा आधी.

हळू बोला. नाही, मला काही झालेलं नाही, घाम येतो मला असा, कधीही येतो. तुम्ही तो फिरवा आणि पुढे काय आहे ते सांगा. नीट सांगा, घाई करू नका. — माणसं? किती? मोजू नका हो, अंदाजाने सांगा. — साठ? दवाखान्याची बाकं, भिंतीला टेकलेली, खाली बसलेली, एकीच्या मांडीवर दोन पोरं — मुंगी शिरायला जागा नाही म्हणता? — मेलो. मेलो मी, मिस्त्री.

हसू नका. हसत नाही? मग असा आवाज का काढलात? — बरं, चुकलं माझं. बघा, आमची पद्धत अशी, की सगळे फोटो टेबलावर पालथे मांडायचे. परीक्षकाने एकट्याने आत यायचं, एकेक उचलायचा, सरळ करायचा, बघायचा, मार्क द्यायचे, परत पालथा ठेवायचा. शेजारच्यावर नजर जाऊ नये म्हणून. नियम कुणी केला? मीच केला, बारा वर्षांपूर्वी! आणि सकाळी सव्वीस झाला, सत्तावीस उचलला — आणि सरळ करायचाच राहिला. समोर पांढरं दिसलं. मला वाटलं, वा! इतक्या पोरांमध्ये एकाला तरी गप्प राहता येतंय. दहापैकी साडेनऊ दिले. शेरा लिहिला. जेवताना एका मासिकाच्या संपादकबाई, आमच्या दुसऱ्या परीक्षक, मला म्हणाल्या, "सर, तुम्ही लिहिलेलं ते रिकामपण मलाही फार जाणवलं." जाणवलं म्हणे! साठ माणसं बघून! — म्हणजे त्या मला घाबरल्या. आणि त्या म्हणाल्या म्हणून माझी खात्री पटली. काय म्हणायचं आता याला?

डोळ्यांचं विचारताय? — नाही, विचारलं नाहीत, मीच बोलतोय. आता अर्धं बोललोच आहे तर ऐका. कडा दिसतात मला. तुमच्या बाहीचं बटण तुटलंय, ते दिसतं. तुमचा चेहरा नाही दिसत. जिथे बघावं तिथेच नेमका धुरकट डाग, पांढुरका, आणि नजर वळवली की तोही वळतो. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाला, मधलं जाईल, कडा राहतील — असं सांगितलं, जसं काही कडांवर माझं भागणार आहे! घरी माहीत नाही. गाडी सोडली तेव्हा बायकोला गुडघ्याचं कारण दिलं, ती बिचारी रोज तेल चोळते. चांगल्या गुडघ्याला! लेकीने परवा फोनवर एक फोटो दाखवला, म्हणाली, बाबा, कुणासारखा दिसतो? मला वाटलं नातू, म्हटलं, तुझ्यासारखा. तिने फोनच काढून घेतला. कुणाचा फोटो होता कोण जाणे. मला रात्रंदिवस भीती वाटते, मिस्त्री. आंधळं होण्याची तर वाटतेच — पण त्याहून जास्त, कुणाला तरी कळण्याची. माणसं बोलत असली ना, की मी त्यांच्या तोंडाकडे बघतो आणि तिथे काहीच नसतं. हसतायत की कीव करतायत, कसं कळणार?

सांगून टाकू म्हणता? तुमचं काय जातंय! — नाही, बरोबर आहे तुमचं. बारा नंबर पहिला येत होता, माझ्या साडेनवांनी तो खाली गेला. कुणाचा आहे माहीत नाही, नावं झाकलेली असतात, पण कुणाचा तरी आहेच ना. बाहेर जिन्यात बसला असेल, नाहीतर बसली असेल, नखं खात. पहिल्याला वर्षभराचं काम मिळतं, दुसऱ्याला एक कागद. मला कळतं सगळं. पण मी काय सांगू? की ज्याने डोळ्यांवर चाळीस वर्षं पोट भरलं, त्याचे डोळेच — आणि मग मागची सगळी वर्षं उकरतील. मागच्या वर्षीचा पहिला कोणता, तो तरी सरांना दिसला होता का? — तुम्ही असं करा, माझ्याशेजारी उभे राहा. नुसते उभे राहा. मी अडकलो तर हळूच — नाही? खोटं बोलणार नाही? मी कुठे खोटं बोलायला सांगतोय, खोकायला सांगतोय!

आले वाटतं. जिन्यात आवाज येतोय. मिस्त्री, शपथ आहे तुम्हाला — या, या, आत या सगळे. कोण, हे? हे फ्रेमवाले. यांना उगाच मध्ये मध्ये बोलायची सवय आहे. निघा हो तुम्ही आता, फ्रेमा नंतर बघू. निघा म्हटलं ना! — हं. बसा. तर, सत्तावीस नंबर. हा बघा, सगळ्यांना दिसेल असा वर धरतो. तुम्ही म्हणाल, या फोटोत दवाखाना आहे, साठ माणसं आहेत, आणि हे सर रिकामपण कसलं म्हणतात? तेच तर! इतक्या गर्दीत कुणीही कुणाकडे बघत नाही. प्रत्येक जण एकटा. गर्दीतलं हे रिकामपण ज्याला दिसलं, त्याची नजर — त्याची नजर —

काय झालं? कुणी बोलत का नाही? संपादकबाई? — आहात ना तुम्ही सगळे? हसताय का? बोला ना कुणीतरी. परत पालथाच धरला का मी? — मिस्त्री? अहो मिस्त्री, गेलात का?