पहिल्या गाण्यातली आई

(हाँगकाँग, शाम शुई पो. टोफूचं छोटं दुकान. सकाळची गर्दी नुकती ओसरली आहे.)

आई: आधी तो मास्क काढ. भुताशी बोलताना तोंड झाकायची गरज नसते.

लाम: आई, असं अभद्र बोलू नकोस ना.

आई: मी बोलते ते अभद्र, आणि तू गायलीस ते शुभ?

लाम: मी सगळं सांगते. तू जरा बसून ऐक.

आई: उभीच बरी आहे मी. फ्रेममध्ये बसवलंस तेवढं पुरे.

लाम: ते व्हिडिओच्या दिग्दर्शकानं...

आई: आणि फ्रेमपुढं संत्री किती, तर तीन! एवढी मोठी कंपनी, अन् मेलेल्या बाईला तीन संत्री. तुझ्या आजीला मी दरवर्षी टोपलीभर वाहते.

लाम: थट्टा नको ना करूस.

आई: मग काय करू, रडू? ते त्याच दिवशी उरकलं. तुझं पहिलं गाणं लागणार म्हणून सकाळपासून गल्लीभर सांगत सुटले होते. मोजेवाली माक-ताई, किल्ल्या बनवणारा लुंगदादा, सगळे इथं दाटीवाटीनं उभे. ज्याला त्याला एकेक वाटी फुकट. रेडिओ मोठ्ठा केला. तुझा आवाज आला आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला. काय गोड गायलीस गं! मग तो निवेदक म्हणतो, हे गाणं गायिकेनं आपल्या दिवंगत आईला वाहिलंय.

लाम: आई...

आई: माक-ताई थू थू करत बाहेर धावली. लुंगदादानं मला चिमटा काढून बघितला, मेल्यानं! आणि मी काय म्हणाले माहितीये? रेडिओवाल्यांची चूक असेल, आजीला वाहिलं असेल. तुझ्यासाठी खोटं बोलले, पापणी न लवता. दोन दिवसांनी व्हिडिओ आला. तो काय कुणापासून झाकणार?

लाम: सुरुवात माझी नव्हती. आमच्यात चाल आधी होते, शब्द मागून बसवतात. शब्द प्रेमभंगाचे होते. मग एका मुलाखतीत कुणीतरी तुझ्याबद्दल विचारलं. कित्येक रात्री झोप नव्हती मला, एकदम रडायलाच आलं. त्यांनी छापून टाकलं, हिला आई नाही. कंपनीचे केउंग साहेब म्हणाले, आता खोडू नकोस. प्रेमभंगवाल्या पोरी पैशाला पासरी आहेत. लगेच शब्द बदलून आणले.

आई: म्हणजे चुकून झालं.

लाम: हो. म्हणजे... हो.

आई: आणि फोटो?

लाम: तो...

आई: फोटोही चुकून? "आई, पाकिटात ठेवायला तुझा एक छान फोटो दे." मी दुकान बंद ठेवून केस कुरळे करून घेतले, लाम. माक-ताईचे मोत्याचे डूल मागून आणले. फोटोवाला म्हणाला हसा, मी हसले. म्हटलं, पोरगी कुठंतरी परगावी असेल, पाकीट उघडल्यावर आई हसताना दिसायला हवी.

लाम: पाकिटासाठीच मागितला होता.

आई: खरं सांग.

लाम: ...नाही. त्यांनी आणायला सांगितला होता.

आई: हं.

लाम: नाही म्हटलं असतं तर गाणं दुसरीला गेलं असतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागं उभी राहून आऽ आऽ करत होते गं मी. तूच म्हणायचीस ना, एकदा तरी पुढं येऊन उभी राहा?

आई: पुढं येऊन उभी राहा म्हणाले होते. माझ्या शवपेटीवर चढून उभी राहा, असं नव्हते म्हणाले.

लाम: चुकले. हजारदा चुकले. पण आता एकच मागते. लोकांना दुकानाचा पत्ता लागलाय. कुणी आलं तर... साहेब म्हणतात, मावशी म्हणून सांगायचं. चेहरा सारखा आहे, ते खपून जाईल.

आई: मला बहीण नाही.

लाम: त्यांना कुठं ठाऊक आहे?

आई: किती दिवस करायचं हे?

लाम: दुसरं गाणं येईपर्यंत. मग हळूच खरं सांगून टाकू.

आई: मेलेली बाई हळूच कशी उठते गं?

लाम: आई, हे बाहेर आलं तर मी संपले. पुढं सोड, मागंसुद्धा उभी करणार नाहीत मला.

आई: बरं, ऐक. मी माझ्या तोंडानं मावशी म्हणणार नाही. कुणी विचारलं तर तू सांगायचं, माझ्यादेखत. आई म्हणालीस तर आई. मावशी म्हणालीस तर मावशी, पुढचं मी निभावून नेईन. पण म्हणायचं तू.

लाम: चालेल. आई, मी तुला कधीच...

आई: मास्क लाव. कुणीतरी आलंय.

गिऱ्हाईक: काकू, हेच ना ते दुकान? हॉय-लाम लहानपणी इथला टोफू खायची म्हणतात.

आई: खायची. त्यावर आल्याचा गोड पाक जास्त लागायचा तिला.

गिऱ्हाईक: मी नर्स आहे, ड्युटी संपवून तशीच आले. माझी आई हिवाळ्यात गेली. रडूच येत नव्हतं हो मला, नुसती दगड झाले होते. मग बसमध्ये ते गाणं लागलं आणि घळाघळा रडले. ही पांढरी फुलं तिच्या आईसाठी आणलीत. कुठं ठेवू?

आई: त्या रेडिओशेजारी ठेव.

लाम: मी... मी निघते.

गिऱ्हाईक: थांबा! हा आवाज... तुम्हीच ना हॉय-लाम? देवा!

लाम: हळू बोला, प्लीज.

गिऱ्हाईक: हो, हो. आणि या? चेहरा तर थेट फोटोतला! या कोण तुमच्या?

लाम: या...

आई: सांग, बाळ. ती विचारतेय.

लाम: या माझ्या मावशी.

गिऱ्हाईक: वाटलंच मला! नशीबवान आहात, मावशी तरी आहे. मावशी, यांच्या आईला जाऊन किती दिवस झाले हो?

आई: दिवस नाही झाले, पोरी. आत्ताच गेली.