बारावी फाक

चारचौघांत सुनेला बोलायची काही रीत असते, ती त्या बाईला ठाऊकच नव्हती. साताऱ्याच्या मोटारअड्ड्यावर दोघी माझ्या शेजारीच पाचगणीच्या गाडीची वाट बघत होत्या. सुनेच्या मांडीवर हाताने विणलेला लोकरीचा गोल गालिचा होता, एक फाक लाल, एक हिरवी.

"बारा फाकांच्या जागी अकराच विणल्यास. आता टोकं जोडताना लालशेजारी लालच आली. मोजता येत न्हाई व्हय गं, हौसा?"

"चुकलं, आत्याबाई."

"आन् शाळंतली मड्डम ह्ये बघून तुला विणकाम शिकवायला ठेवणार? चल माघारी."

"थांबा. दोन लालच्या मधी एक खाकी बसवते. ह्यांच्या लढाईतल्या जर्सीची लोकर हाय पिशवीत."

"एवढ्या रंगांत एकच खाकी?"

"व्हय. मड्डम इचारंल, ही एकच अशी का? मग सांगीन."

"काय सांगशील?"

"धनी सुखरूप घरी आलं, म्हणून जर्सी उसवली."

सासू तशीच तिला खेटून बसलेली. हौसाने सुया काढल्या. मग मीच बोलले,

"आवं बाई, चूक तिची, तशी ती निस्तरायची अक्कलबी तिचीच. आता जरा तिकडं सरका, तिचं कोपर अडतंय."