घोरण्याची तपासणी आणि बायकोचं कोपर

घोरण्याचीबी तपासणी असते. हसू नका, माझी झाली. हिंगोलीच्या डॉक्टरनं एक छोटं मशीन देऊन घरी गोरेगावला पाठवलं. नाकात नळी, बोटाला चिमटा, छातीला पट्टा. म्हणले, रातभर लावून झोपा.

सकाळी बायकोला घेऊन मशीन परत द्यायला गेलो. डॉक्टर कॉम्प्युटरकडं बघतच राहिले. "श्वास थांबतोय, पण दहा सेकंद व्हायच्या आत परत चालू होतोय. दर वेळी! दहा सेकंद थांबला तरच आजार धरता येतो. असं कसं?"

बायको म्हणली, "मी तेवढं होऊच देत न्हाई. थांबला की कोपर हाणते. लग्न झाल्यापासून हेच काम हाये."

"अहो ताई, काल तरी हाणायचं नाही! तपासणी होती."

"तपासणी तुमची होती, साहेब. नवरा माझा हाये."

शेवटी एका रात्रीपुरतं तिला पुसेगावला माहेरी धाडलं, तवा कुठं आजार सापडला.

आता रोज नाकाला हवेचं मशीन लावून झोपतो. श्वास काही थांबत न्हाई. कोपर मात्र चालूच हाये. काहून म्हणून इचारलं, तर म्हणे, "रात्री लाईट जाते."