पिन काढलेला डबा

...आणि वर म्हणतो काय, तर ‘पिन काढलीय की!’ आता तुमाला सांगतो, माणूस भिंतीला टेकून पडलाय, उजव्या हाताची दोन बोटं भाजल्यात, बायको अंजली ‘अवो, बोला की!’ म्हणून रडतीय, आणि ह्याचं आपलं एकच... पिन काढलीय की!

आमचा सणसरचा बुद्धघोष अडाणी हाय व्हय? तीस वर्सं बारामतीला हापिसात टायपिंग केलं त्यानं! पण त्याच्या शहाण्णव सालच्या कॉम्प्युटरचा पावर सप्लाय, म्हंजे आत वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा, बंद पडला आणि ह्याचा जीव कासावीस झाला. का? तर वडलांचं, साहेबरावतात्यांचं, सगळं बोलणं त्या मशिनात! छप्पन साली दीक्षा घेतली ती कशी, संगं कोण कोण होतं... तात्या सांगायचे, हा टायपायचा. छापायचं राहिलं. तात्या गेले. नकला ठेवल्या होत्या त्या फ्लॉप्यांना बुरशी लागली. मग काय करंल माणूस?

नवा सप्लाय आणला इंदापुरातनं, तर त्याच्या वायरी जुन्या मशिनला बसंनात. म्हणला, नव्याचं पोट जुन्या डब्यात घालू! जुना लावून बघितला, बंदच. भिंतीतली पिन काढली, डबा खोलला, दोन बोटं आत घातली... फाट्टदिशी आवाज, आणि हा पार भिंतीपातुर!

लेक पायल बारामतीला इलेक्ट्रिशियन हाय. ती आली ती तडक दवाखान्यात घेऊन गेली. ईसीजी निघाला, डॉक्टर म्हणले, “वाचलात.” हा डॉक्टरलाबी सांगतोय, “पिन काढली होती ओ!”

दुसऱ्या दिवशी तिनं हातमोजे घातले, त्याच डब्याला मिनिटभर करंट दिला, पिन काढून बापाच्या हातात दिली आणि मीटर लावला. तीनशे दहा व्होल्ट! पाच मिनिटांनी बघितलं, तरी दोनशेच्या वर!

“पप्पा, आत वीज साठून ऱ्हाती. बिघडलेल्या डब्यात तर लवकर उतरतच न्हाय. मी रोज हाताखाली शिकणाऱ्या दुसऱ्यांच्या पोरांना हे सांगती, आणि माझ्याच घरात...”

बुद्धघोष हातातल्या पिनेकडं बघत बसला.

मग पायलनं घरातलं अर्थिंग नीट केलं. नव्या डब्याचा एक स्क्रूबी खोलला न्हाय. जुन्या मशिनला बसंल अशी तयार वायर मागवली, मीटरवर तपासली, मग बटण दाबलं. घरघरलं... आणि अक्षरं आली! बुद्धघोष मोठ्यानं वाचाय लागला. दीक्षा घेऊन तात्या घरी आले तवा त्यांची आई म्हणाली, “देव्हारा रिकामा केलास, आता सकाळी मी कुणाला हात जोडू?” तात्या म्हणले, “आई, आधी ताठ उभी तर ऱ्हा.” हितं बुद्धघोषनं उठून खुर्ची पायलला दिली. पुढचं पायलनं वाचलं. मग छापून घरात सगळ्यांच्या हातात दिलं.

चांगलं झालं, व्हय ना? पण माणूस आता असा घाबरलाय... अंजलीनं मिक्सर बंद केला की हा मधी आडवा येतो! “हात लावू नगंस, धा मिनिटं थांब, मीटर आणतो!” ती म्हणती, “अवो, चटणी हाय ती!” हा म्हणतो, “आत काय साठलंय, बाहेरनं दिसतं का?”

परवा तिनं गपगुमान माळ्यावरचा पाटा-वरवंटा खाली काढला.