टेकडीवरून उडालेल्या माणसाची मय्यत

…हसा, हसा! पर तुमाला सांगतो, निजामाच्या राज्यात आमच्या सेलूकडं आभाळात गेलेला पयला माणूस मीच, सांबप्पा! गेलेला म्हंजी… चौघांनी टेकडीवरून ढकललेला.

विमान घरीच केलतं वो! बांबूचा सांगाडा, मांजरपाटाचे पंख, सायकलचे पायडल, पाय मारले की पंख हालायचे. चाकं तेवढी ऱ्हायली, म्हणून चौघांनी खांद्यावर घेतलं. मी वर ताठ बसलेला, कपाळभर भस्म, गळ्यात हार, म्होरं हलगी! अन् आमच्या लिंगायतात मेलेल्याला असंच नटवून, बसवून नेत्यात, बसवूनच पुरत्यात… झालं! वाटंवर शेजारच्या कस्तुराबाईनं हंबरडा फोडला, "अगं बया, सांबप्पा कवा गेले वो?" मला हसू आवरंना, म्हणून डोळे मिटले, मान टाकली. गंमत वो! मेलो न्हवतो, बरं का!

टेकडीवरून ढकललं, पायडल हाणले, अन् घडीभर खाली जमीनच न्हाई, देवाशपथ!… मग धाडकन कापसाच्या रानात. चौघं पळाले ते "सांबप्पा खपला" वरडत थेट गावात.

शुद्ध आली तवा ऊन कलतं झालतं. अंगाला मांजरपाट गुंडाळलेला, तोंडावर भस्म, तसाच निघालो. बन्सीधरनं मला बघून दुकानाच्या फळ्याच लावल्या! "भूत! भूत!" अरे कसलं भूत? मी रामराम घालायलोय अन् गाव पळायलंय! कुत्रं सुदीक भुंकंना, नुस्तं बघायलंय… मेलो न्हवतो, पर कुत्रंच भुंकंना म्हणल्यावर माणसानं काय समजावं?

वाटंतच आमच्या समाध्या. तिथं आमच्या भावकीतल्या कल्याणरावानं माझ्यासाठी खड्डा खणून ठेवलेला, कडंला बेलाची पानं. वाकून बघितलं तर माप बरोब्बर माझंच! अन् आतनं गारवा वर आला वो, जसं कुणी माझी जागा धरून बसलंय… आज बी पाटावर बसलो की बुडाखालनं तो गारवा येतो. मी चटकन उठतो, लोकं म्हणत्यात मुंगी चावली. मेलो न्हवतो ना मी? तुमीच सांगा!

पळतच घर गाठलं. दार बंद, आतनं माझ्या बायकूचं, गंगम्माचं रडणं.

"अगं, दार उघड! मी हाय, जित्ता हाय!"

रडणं थांबलं. दार बोटभर सरकलं. "हात लावून बघ की, आंग ऊन लागतंय का न्हाई?" फटीतनं तिचा हात आला, माझं मनगट धरलं, लय येळ धरून ठिवलं. मग सोडलं. अन् म्हणली,

"तुमी जित्ते हाव, तर मग मी मघापासून रडले ते कुणासाठी?"